खाऱ्या पाण्यावरचा फेस

1846 मध्ये अ‍ॅना थिन नावाची इंग्लिश बाई डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या टॉर्कीहून लंडनला परतली, तेव्हा तिच्या सामानात दगडी बरणीत ठेवलेली जिवंत प्रवाळं होती. तिचे यजमान लॉर्ड जॉन थिन वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत मोठ्या धर्मपदावर होते आणि घर समुद्रापासून लांब, शहराच्या मध्यात होतं. ताजं खारं पाणी रोज कुठून आणायचं? बाईंनी तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं ठरवलं. उघड्या खिडकीसमोर उभं राहून एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, दुसऱ्यातलं पहिल्यात. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले आणि ते त्यांच्या मोलकरणीकडे असे. पुढच्या वर्षी त्यांनी त्या पाण्यात समुद्रशैवाल सोडलं. प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगली, त्यांना पिल्लंही झाली. या प्रयोगाची हकीकत 1859 मध्ये एका निसर्गविज्ञान नियतकालिकात छापून आली.

घरात खारं पाणी राखण्याच्या विद्येतला पहिला प्रश्न या बाईंनी सोडवला होता : पाण्याला हवा मिळाली पाहिजे. दुसरा प्रश्न मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं अंधारात राहिला. माशांची विष्ठा, उरलेलं अन्न, प्रवाळांनी सोडलेला चिकट द्रव हे सगळं त्याच पाण्यात साठत जातं. ते जाणार कुठे? आज रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खारी टाकी, उभारणारा माणूस दुकानात जाऊन ‘कोणता प्रोटीन स्किमर घेऊ?’ असं विचारतो, तेव्हा तो याच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विकत घेत असतो. हे उत्तर कसकसं घडत गेलं हे ठाऊक असलं की निवड पुष्कळ सोपी होते.

एकोणिसाव्या शतकाचा सगळा भरवसा ‘समतोला’वर होता. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई ठेवल्या, तर वनस्पती माशांना प्राणवायू देतात, गोगलगाई कुजका पाला खातात आणि पाणी न बदलताही सगळं चालू राहतं. काचेवरचा कर ब्रिटनमध्ये 1845 सालीच उठला होता, त्यामुळे काचेच्या टाक्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या होत्या. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाऊस’ उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची लाट उसळली. लोक झुंडीने किनाऱ्यावर जाऊन खडकांमधली समुद्रफुलं, खेकडे, शिंपले गोळा करू लागले.

लाट काही वर्षांतच ओसरली. गोड्या पाण्यात जमलेला समतोल खाऱ्या पाण्यात टिकेना. पाणी आधी पिवळं पडे, मग दुर्गंध सुटे. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी त्यावर अभियांत्रिकीचा तोडगा काढला. प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद तळघराच्या अंधारात बांधायचा आणि पंपाने पाणी सतत खालून वर, वरून खाली फिरवत ठेवायचं. त्यांनी हॅम्बर्गच्या मत्स्यालयाची व्यवस्था पाहिली आणि 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर उभी केली. नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय केंद्राच्या मत्स्यालयालाही त्यांचा सल्ला मिळाला. मोठ्या साठ्यात घाण विरळ होते, एवढंच त्या हौदाचं रहस्य होतं. घाण पाण्यातून बाहेर काढण्याची सोय त्यात नव्हती.

समुद्रकाठच्या संस्थांना त्याची तितकी निकडही नव्हती. मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर 1909 मध्ये भारतातलं पहिलं सागरी मत्स्यालय उघडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. ज्यांच्या देणगीमुळे ते उभं राहिलं त्या पारशी दानशूराचं नाव त्याला दिलं गेलं. या दोन्ही वास्तूंच्या समोर समुद्र होता. पण बर्लिनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत प्रवाळ ठेवू पाहणाऱ्या माणसाच्या समोर रस्ता आणि ट्राम होती. प्रोटीन स्किमरचा शोध अशा, समुद्र जवळ नसलेल्या माणसांच्या गरजेतून लागला.

या यंत्रामागची क्रिया समुद्राच्या काठी राहणाऱ्याने पाहिलेली असते. पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याला किंवा कोकणातल्या कुठल्याही पुळणीवर उधाण ओसरताना वाळूवर मळकट फेसाचे पुंजके लोळताना दिसतात. समुद्राच्या पाण्यात शैवालं आणि सूक्ष्मजीव कुजून सुटलेले प्रथिनांसारखे पदार्थ असतात. त्यांच्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाण्यापासून दूर पळतं. हवेचा बुडबुडा मिळाला की ते पळणारं टोक बुडबुड्याच्या आत आणि दुसरं टोक बाहेर पाण्यात, असे हे रेणू बुडबुड्याभोवती चिकटून बसतात. बुडबुडा वर जातो, तेव्हा त्यांना सोबत घेऊन जातो. पृष्ठभागावर हे बुडबुडे टिकतात, एकावर एक रचले जातात आणि फेस होतो. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना भेंडीचा चीक घालतात आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात. तिथे उष्णता काम करते, इथे बुडबुडा. पण मळी वर आणून पाण्याबाहेर काढायची, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

फेसाने पदार्थ वेगळे करायची युक्ती खाणउद्योगाला आधीपासून माहीत होती. 1877 मध्ये ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी ग्राफाइट शुद्ध करण्यासाठी तिचं पेटंट घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणीत, निरुपयोगी म्हणून टाकलेल्या ढिगाऱ्यांतून याच पद्धतीने जस्ताचं खनिज वेगळं काढलं गेलं. मत्स्यालयात मात्र एक गोष्ट निसर्गाने फुकट दिली आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भर्रकन वर निघून जातात. खाऱ्या पाण्यातले क्षार हे मिसळणं रोखतात, बुडबुडे बारीक राहतात आणि पाण्यात जास्त वेळ रेंगाळतात. म्हणून स्किमर रीफ टँकला उपयोगी पडतो आणि सोनमाशांच्या घरगुती टाकीला फारसा नाही.

1960च्या दशकात पश्चिम जर्मनीत ही युक्ती घरगुती टाकीत आली. एर्विन सांडर यांची कंपनी ओझोन तयार करणारी उपकरणं आणि त्यांच्याबरोबर चालणारे फेसनळे बनवू लागली. बव्हेरियातल्या पेन्झबेर्ग गावात 1960 मध्ये नॉर्बर्ट टुन्झे यांनी सुरू केलेली कंपनीही पुढे याच व्यवसायात नावारूपाला आली. सुरुवातीची रचना साधी होती. पारदर्शक उभी नळी, तळाशी सच्छिद्र लाकडाचा तुकडा, त्याला जोडलेला एअर पंप. लाकडातून बारीक बुडबुड्यांचा ढग वर चढे. पाणी वरून खाली उतरे, म्हणजे बुडबुड्यांच्या उलट दिशेने. त्यामुळे दोघांची गाठ जास्त वेळ पडे. नळीच्या तोंडावर पेला बसवलेला असे; वर आलेला फेस त्यात सांडे आणि तपकिरी, उग्र वासाचं पाणी होऊन साचे. तो पेला रिकामा करणारा हौशी माणूस आपल्या टाकीतली घाण पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होता.

त्याच काळात इतरत्र वेगळ्याच वाटा धरल्या गेल्या होत्या. अमेरिकेत रॉबर्ट स्ट्रॉन यांच्या 1959 च्या पुस्तकामुळे तळाच्या खडीखालून पाणी ओढणारा फिल्टर लोकप्रिय झाला. खडीतले जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मासे वाचतात, नायट्रेट मात्र साठत राहतं आणि प्रवाळांची वाढ खुंटते. जकार्तात ली चिन एंग यांनी याच्या अगदी उलट केलं. 1961 मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली पद्धत मांडली : समुद्रातून काढलेले जिवंत खडक, समुद्राचंच पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेची एक मंद धार. यंत्र जवळपास नव्हतंच. त्यांच्या टाक्यांतली प्रवाळं जगत होती, पण त्यांना समुद्र हाताशी होता आणि ऊन भरपूर मिळत होतं. बर्लिनच्या हिवाळ्यात दोन्ही नव्हतं.

बर्लिनकरांनी ली यांचे खडक घेतले आणि जर्मन यंत्राशी त्यांची सांगड घातली. ‘बर्लिन पद्धत’ म्हणून नावाजली गेलेली रीत चार गोष्टींवर उभी आहे : भरपूर लाइव्ह रॉक, प्रखर मेटल हॅलाइड दिवे, कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी आणि जोरकस स्किमर. चुन्याच्या निवळीचा मार्ग पेटर विल्केन्स यांनी दाखवला. त्यांचं 1973 चं पुस्तक जर्मन हौशींच्या हाती फिरत असे. बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर यांनी आपल्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा जातीचं फांद्यांचं प्रवाळ इतकं वाढवलं, की त्याच्या तोडलेल्या फांद्या हातोहात इतर हौशींकडे आणि तिथून दुसऱ्या देशांत गेल्या. पाषाण-प्रवाळ घरात नुसतं जगवता येतं एवढंच नव्हे, तर वाढवून वाटताही येतं, हे त्यातून लोकांना पटलं. नायट्रेट होण्याआधीच घाण पाण्याबाहेर काढणं हा बर्लिन पद्धतीचा कणा होता. त्यामुळे स्किमर हा जास्तीचा फिल्टर न राहता टाकीचा मुख्य फिल्टर झाला.

अमेरिकेला हे कळायला उशीर लागला. 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने तिथे ‘मिनी-रीफ’ची हवा निर्माण केली. त्या टाक्यांचं हृदय होतं ठिबक फिल्टर : प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी झिरपत ठेवायचं आणि त्यांवरच्या जिवाणूंना काम करू द्यायचं. जिवाणूंनी काम चोख केलं, म्हणजेच नायट्रेट भरपूर तयार केलं. काही वर्षांतच लोक प्लास्टिकचे गोळे मूठमूठ काढून टाकू लागले आणि त्या जागी मोठे स्किमर बसवू लागले. 1994 मध्ये डेल्बीक आणि स्प्रंग यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’च्या पहिल्या खंडाने बर्लिनची रीत इंग्रजी वाचकांपर्यंत सविस्तर पोचवली.

विरोधी मतही तितकंच अभ्यासू होतं आणि ते बाजूला सारण्यासारखं नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर अ‍ॅडी यांनी 1980 च्या सुमारास प्रवाळखडकाची जिवंत प्रतिकृती उभी केली. तिथे पाणी स्वच्छ करायचं काम जाळीवर वाढवलेलं शैवाल करत असे. स्किमर घाणीबरोबर प्लवकही ओढून नेतो, म्हणजे प्रवाळांच्या तोंडचा घास काढून घेतो, असा त्यांचा आक्षेप होता. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचं भव्य प्रवाळ मत्स्यालय 1987 मध्ये उघडलं, ते याच शैवालजाळ्यांवर. मोनॅकोत ज्याँ जोबेर यांनी वाळूचा जाड थर आणि त्याखाली पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट संपवायचा प्रयत्न केला. दोन्ही रीतींनी प्रवाळं वाढली. त्यामुळे स्किमर लागतोच का, हा प्रश्न आजही जाणकारांत वादाचा आहे. ज्यांच्या टाकीत मासे कमी आणि मऊ प्रवाळं जास्त, ते त्याच्याशिवाय भागवतात.

स्किमरच्या रचनेचा इतिहास म्हणजे एकेक अडचण सुटत गेल्याची साखळी आहे. लाकडी एअरस्टोन काही आठवड्यांत सडून बुजे, बुडबुडे जाडे होत आणि फेस थांबे. म्हणून व्हेंचुरी आली : पंपाच्या वेगवान पाण्याने अरुंद नळीतून जाताना हवा आत ओढून घ्यायची. लाकूड गेलं, पण व्हेंचुरीला जोरकस पंप हवा आणि तिच्या तोंडाशी क्षार जमले की ती रुसते. 1990च्या दशकात उंच नळ्यांतून पाणी आदळवणारे डाउनड्राफ्ट स्किमर आले. त्यांचा फेस प्रचंड, विजेचं बिलही तसंच. पुढे अमेरिकन हौशींना बेकेट कंपनीच्या, तळ्यातल्या कारंज्यासाठी बनवलेल्या फेसाळ तोटीत स्किमरचं उत्तम इंजिन सापडलं. अखेर बाजी मारली ती नीडल व्हीलने. त्यात पंपाच्या पंख्याला पात्यांऐवजी सुयांसारखे खिळे असतात. ते पाणी ढकलताना आत ओढलेली हवा चिरून टाकतात. छोटा पंप, कमी वीज आणि दुधासारखा पांढरा ढग. आता बहुतेक घरगुती स्किमर याच जातीचे असतात. खालून रुंद आणि वर निमुळत्या शंकूसारख्या देहाचा हेतूही साधा आहे : पाण्याचा खळखळाट वर जाताना शांत व्हावा आणि फेस मोडू नये.

मग कोणता चांगला? या प्रश्नाला मोजमापाचं उत्तर देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी केला. 2009 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या रचनांचे स्किमर प्रयोगशाळेत तपासले आणि मग खऱ्या टाकीच्या पाण्यावर चालवून पाहिले. निष्कर्ष अनेकांना खटकला. पाण्यातल्या मोजता येणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी स्किमर ढोबळमानाने पाव-एक भागच काढू शकत होते. उरलेला भाग बुडबुड्याला चिकटतच नव्हता. महाग आणि स्वस्त, नवी आणि जुनी रचना यांच्यातला फरक जाहिरातींनी दाखवला होता त्यापेक्षा बराच लहान होता. पुढच्या वर्षी त्यांनी पेल्यातली मळी सुकवून तिचं पृथक्करण केलं, तेव्हा तिच्यात मोठा वाटा कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिकाचा निघाला. म्हणजे सूक्ष्म जीवांची कवचं आणि कण. फेसाबरोबर नुसती प्रथिनं येत नाहीत, तरंगता कचराही येतो.

या मोजमापांनी स्किमर निकामी ठरला नाही. त्याच्याकडून काय मागायचं, ते मात्र स्पष्ट झालं. खोक्यावर ‘1,000 लिटरपर्यंत’ असं छापलेलं असतं. तो आकडा ठरवण्याचा एकच सर्वमान्य निकष नाही, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. टाकीत किती मासे आहेत आणि त्यांना किती खायला घातलं जातं, हे पाण्याच्या लिटरांपेक्षा जास्त महत्त्वाचं. भरगच्च माशांच्या टाकीला छापील आकड्यापेक्षा मोठा स्किमर लागतो. विरळ वस्तीच्या टाकीवर राक्षसी स्किमर लावला, तर फेस धरायला पुरेशी घाणच मिळत नाही आणि पेला कोरडा राहतो. नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा ओसंडतो किंवा मुळीच फेसत नाही. त्याच्या आतल्या प्लॅस्टिकवर जैविक थर चढला की तो ताळ्यावर येतो. तोवर रोज झडप पिळत बसण्यात हशील नसतं.

भारतातल्या हौशी माणसाला यात आणखी दोन-तीन गोष्टी धराव्या लागतात. एक वीज. वीज गेली की वरच्या टाकीतलं पाणी उतरून खालच्या जोडटाकीत, म्हणजे संपमध्ये येतं. संपमधली पातळी चढते आणि वीज परत आल्यावर स्किमर ती पातळी खाली येईपर्यंत ओसंडून वाहतो. म्हणून संपमध्ये स्किमरचा कप्पा स्थिर पातळीचा हवा आणि भरलेल्या पेल्याची नळी सुरक्षित भांड्यात सोडलेली हवी. दुसरी गोष्ट उकाडा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी स्किमरने पाण्यात कोंबलेली हवा माशांना थेट उपयोगी पडते, तर त्याच्या पंपाची उष्णता पाणी आणखी तापवते. कमी वॅटचा पंप इथे नुसता बिलासाठी पाहायचा नसतो. बंद वातानुकूलित खोलीत माणसांच्या श्वासाने कर्बवायू साठतो आणि पाण्याची आम्लता वाढते. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली, तर हा त्रास कमी होतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. 2001 मध्ये भारताने खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वाघाला जे संरक्षण, तेच मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळालाही. ते समुद्रातून काढणं किंवा विकणं गुन्हा आहे. म्हणून इथल्या पुष्कळ खाऱ्या टाक्या प्रामुख्याने माशांच्याच असतात. क्लाउनफिश, डॅमसेल यांसारख्या माशांना दिवसातून दोनदा खाऊ घातला जातो आणि अशा टाकीत घाणीचं ओझं मोठं असतं. तेव्हा इथे स्किमर बर्लिनच्या टाकीपेक्षा कमी नव्हे, जास्तच लागतो. तो घेताना धुवायला सोपी मान, सुटे भाग मिळण्याची खात्री आणि स्वतःच्या संपमध्ये बसणारी उंची हे तीन मुद्दे कंपनीच्या नावाआधी तपासावेत. आठवड्यातून एकदा मान पुसली नाही, तर तिथे बसलेल्या चिकट थरावर फेस मोडतो आणि महागडा स्किमरही अर्ध्या ताकदीने चालतो.

स्किमरला लाभलेल्या यशाने अलीकडे एक नवी उलथापालथ केली आहे. स्किमर, झिओलाइट आणि जिवाणू खाद्य यांच्या जोरावर काही हौशींनी पाणी इतकं स्वच्छ केलं, की प्रवाळं फिकी पडली. मग त्याच लोकांनी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून पाण्यात परत घालायला सुरुवात केली किंवा स्किमर दिवसातून काही तासच चालवायला सुरुवात केली. अ‍ॅडी यांनी ‘घास काढून घेता’ म्हणून घेतलेल्या आक्षेपाला असा उशिरा मान मिळाला. दरम्यान, टाकीत पाणी राखण्याच्या या विद्येचा उपयोग छंदापलीकडे गेला. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी 2012 पासून ‘प्रोजेक्ट कोरल’ चालवला. चंद्रप्रकाश, तापमान आणि दिवसमान यांची नक्कल करून त्यांनी समुद्रापासून दूर, बंद टाकीत प्रवाळांकडून अंडी-शुक्रपेशी सोडवून घेतल्या. 2019 मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने त्यांच्याच साहाय्याने अटलांटिकमधल्या दुर्मीळ झालेल्या स्तंभ-प्रवाळाचं प्रयोगशाळेत प्रजनन घडवून आणलं. रोगाने त्या जातीची समुद्रातली संख्या झपाट्याने घटत असताना, तिची पुढची पिढी टाकीत वाढवण्याचा रस्ता त्यातून खुला झाला.